झोपेआधी फास्टर फेणे

पन्नाशी ओलांडलेले बरेच रुग्ण एकच तक्रार घेऊन येतात. अंग टेकलं तरी डोळा लागत नाही. रक्तदाब, साखर, थायरॉइड तपासतो, संध्याकाळचा चहा बंद करायला सांगतो. मग विचारतो, झोपण्याआधी काय करता? उत्तर बहुधा मोबाइल. पडद्याच्या उजेडाने मेलॅटोनिन हे झोपेचं संप्रेरक कमी स्रवतं, हे आता बहुतेकांना माहीत आहे. माझ्या मते उजेडापेक्षा मजकूर जास्त छळतो. उसाचा दर, भावकीच्या ग्रुपवरची भांडणं, कुठल्या तरी अपघाताचे फोटो.

अशांना मी लहान मुलांचं पुस्तक वाचायला सांगतो. काही हसतात. इंदापूर तालुक्यातल्या एका निवृत्त गुरुजींना तर तो अपमान वाटला. पत्नी गेल्यापासून ते रात्री दोन-दोनपर्यंत जागे असत, झोपेची गोळी स्वतःच वाढवत होते. शेवटी नातवाच्या दप्तरातला 'फास्टर फेणे' त्यांनी काढला. महिन्याने आले ते गोळीआधी बन्याबद्दलच बोलायला लागले. बन्या फुरसुंगीचा, म्हणजे बारामतीहून सासवडमार्गे पुण्याला जाताना वाटेतल्या गावचा, याचंच त्यांना अप्रूप! गोळी आम्ही हळूहळू उतरवत आणली (ती एकदम बंद करायची नसते). एकटेपणा गेला असं ते म्हणत नाहीत. पण साडेदहाला आता हातात पुस्तक असतं.

यात जादू नाही. प्रकरणं छोटी, पात्रं मोजकी, आणि पोरगा शेवटी सुखरूप सुटणार याची खात्री. दमलेल्या मेंदूला तेवढंच झेपतं. शिवाय अक्षर मोठं. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं आणि मंद दिव्यात बारीक टाइप वाचणं ही शिक्षाच.

येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये अमेरिकेतल्या पन्नाशीपुढच्या ३,६३५ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १२ वर्षांच्या काळात पुस्तकं वाचणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका न वाचणाऱ्यांपेक्षा २० टक्के कमी दिसला. अर्थात, पुस्तकामुळेच आयुष्य वाढलं असं यातून सिद्ध होत नाही. धडधाकट माणूस वाचतोही जास्त.

काय वाचावं? भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला, तो आजही रंगतो. ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' आहे, १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर'चे जुने अंक आहेत. हॅरी पॉटरही मराठीत मिळतो. पण त्याचे पुढचे भाग बरेच काळोखे आहेत, ते दुपारी वाचा.

मात्र दोन आठवडे झोपेबरोबर भूकही गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर पुस्तकावर विसंबू नका. ते नैराश्य असू शकतं. जवळच्या सरकारी रुग्णालयात या. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडेही थांबू नका. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रीही चालू असतो.