कवटीचे भगदाड कसे बुजवितात?

डोक्याला जबर मार बसून मेंदूस सूज आली, तर त्याला पसरावयास जागा उरत नाही. म्हणून शल्यविशारद कवटीचा मोठा तुकडा काढून ठेवतात. प्राण वाचतात, पण तेथे मेंदूवर हाडाचे आवरण राहात नाही. सूज उतरल्यावर ते भगदाड बुजवावे कशाने?

डच शल्यवैद्य योब फान मेकेरेन याच्या 1668 मधील लेखनात एका रशियन सरदाराच्या कवटीत कुत्र्याचे हाड बसविल्याची हकीकत आहे. धर्मपीठाने सरदाराला बहिष्कृत केले. बिचारा ते हाड काढून घ्यावयास आला, तो ते पक्के जुळलेले!

दुसऱ्या महायुद्धात टँटलम धातूचे पत्रे वापरले गेले. पण उन्हात पत्रा तापे आणि डोके दुखे. रोग्याचे स्वतःचे हाडच उत्तम. ते त्याच्याच पोटाच्या कातडीखाली जपतात किंवा गोठवून ठेवतात. तथापि लहान मुलांत हे हाड परत बसविल्यावर पुष्कळदा झिजून जाते, आणि मुळातच चुरा झाला असेल तर ती वाटही बंद.

पुण्याच्या भारती रुग्णालयात 2018 साली अपघातग्रस्त चार वर्षांच्या मुलीच्या कवटीचा सुमारे 60 टक्के भाग बदलण्यात आला. तिच्याच मापाचे पॉलिइथिलीनचे कवच अमेरिकेतील कंपनीकडून घडवून घेतले होते. या वयापर्यंत कवटीची बरीचशी वाढ होऊन गेलेली असते. न वाढणारे कवच चालते ते त्यामुळेच.