आधी कोणी बोलायचे?

एकदा वर्गातल्या तिघांना मी कॉलेजच्या जिन्यात उभे केले. एक वरच्या मजल्यावर, एक तळाशी आणि तिसरी मधल्या वळणावर. वरच्याचा आवाज तळाशी पोचत नव्हता, तळचा वर पोचत नव्हता. मधलीला मात्र दोघेही ऐकू येत. दोघांनी तिला एकेक निरोप सांगायचा. अट एकच, दुसरे कोणी बोलत नसेल तरच तोंड उघडायचे. दोघांनी प्रामाणिकपणे कानोसा घेतला, सामसूम आहे अशी खात्री केली आणि एकदमच बोलू लागले. मधलीच्या पदरी नुसता गलका. चूक कोणाचीच नव्हती.

पुरात किंवा भूकंपात मोबाइलचे टॉवर पडतात, तेव्हा मदतपथकांचे संच आपापसांतच जाळे विणू शकतात. त्याला 'अॅड हॉक नेटवर्क' म्हणतात. संच चालतेफिरते, शेजार सतत बदलणारा, हवा मात्र सगळ्यांची एकच. आणि पाळी लावून देणारा कोणी नाही.

१९७१ साली हवाई विद्यापीठात नॉर्मन एब्रॅमसन यांचे 'अलोहा' जाळे सुरू झाले, त्याची रीत सरळ होती. मनात आले की बोला. पोच आली नाही तर थोडे थांबून पुन्हा बोला. गणित मांडले तर अशा कारभारात फार तर १८.४ टक्के वेळ सत्कारणी लागतो. वेळेचे सारखे तुकडे पाडून तुकड्याच्या आरंभीच बोलायचे ठरवले तर ३६.८. पुढे 'आधी ऐका, मग बोला' ही सुधारणा आली. क्लाइनरॉक आणि तोबागी यांनी १९७५ मध्ये तिचा हिशेब मांडला आणि जिन्यातली अडचणही 'हिडन टर्मिनल' या नावाने दाखवून दिली.

मर्म असे की टक्कर होते ऐकणाऱ्याच्या कानाशी आणि कानोसा घेतला जातो बोलणाऱ्याच्या जागेवरून. हौशी रेडिओवाले फिल कार्न यांनी १९९० मध्ये वेगळी वाट सुचवली. कानोसा सोडा, आधी छोटासा प्रश्न करा, 'बोलू का?' ऐकणाऱ्याने 'बोल' म्हणावे. त्या 'बोल'मध्ये निरोप केवढा आहे तेही असते, म्हणून ज्यांना ते ऐकू जाते ते तेवढा वेळ गप्प राहतात. टक्कर झालीच तर बहुधा छोट्या प्रश्नांची होते, लांब निरोपांची नाही.

मला मात्र त्यापुढची गोष्ट अधिक मोलाची वाटते. टक्कर झाली की थांबण्याची मुदत दुप्पट करायची, यश आले की एकदम किमान मुदतीवर यायचे, असा रिवाज होता. दिसायला न्याय्य. पण जिंकलेला लगेच पुन्हा बोलतो, हरलेल्याची मुदत फुगत जाते आणि शेवटी एकटाच बोलत राहतो. पुरात ज्याचा निरोप असा अडकेल, त्याने काय करायचे? भार्गवन, डेमर्स, शेंकर व झांग यांनी १९९४ मध्ये 'मॅकॉ' पद्धत मांडताना यावर साधा तोडगा काढला. प्रत्येक निरोपावर आपली मुदत लिहायची, ऐकणाऱ्यांनी तीच उचलायची. वाढवताना दीडपट, उतरताना एकेक पायरी. वाय-फायच्या १९९७ च्या पहिल्या मानकात 'बोलू का – बोल' आले, तेही ऐच्छिक. मुदत वाटून घेणे आलेच नाही, दुप्पट करण्याचा रिवाज राहिला.

त्या दिवशी जिन्यात मागच्या एकाने विचारले, ''सर, 'बोल' म्हणून झाल्यावर कोणी नवा जिना चढून आला तर?'' चालत्या संचांच्या बाबतीत नेमके हेच घडते. त्याने 'बोल' ऐकलेलेच नसते.