संवाद कल्पित चालतील, यंत्र खरे हवे

गोव्यातल्या लाटंबार्से ते पेडणे या पट्ट्यात जत्रेच्या रात्री रंगणाऱ्या दशावतारी काल्याला लेखी संहिता नसते. नट उभ्याउभ्या संवाद रचतो आणि कुणी हरकत घेत नाही, कारण कथा प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते. संशोधकांच्या जीवनावरच्या चित्रपटांत इतिहासाची मोडतोड झाली की काही समीक्षक आपल्या या परंपरेचा हवाला देतात. पुराण रंगवण्याची मुभा आहे तर चरित्र रंगवण्याची का नसावी, असे विचारतात. हा दाखला मला मुळातच चुकीचा वाटतो. 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशन चित्रपटगृहात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ बघायला आलेल्यांना हरिश्चंद्र माहीत होता. फाळक्यांवरचा चित्रपट बघणाऱ्या आजच्या मुलाला फाळके माहीत नसतात. पडद्यावर जे दिसेल तेच त्याच्यासाठी चरित्र ठरते.

परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (2009) मला या प्रकारातला सर्वांत प्रामाणिक चित्रपट वाटतो. त्यावर आक्षेप असा, की तो फार हसरा आहे, फाळक्यांची फरपट त्यात हलकी होते. आक्षेपात तथ्य आहे. पहिल्या यशापाशी थांबल्यामुळे पुढची ओढगस्त, 1937 चा ‘गंगावतरण’ आणि नाशिकमधला 1944 चा उपेक्षित शेवट त्यात येत नाही. पण हसरेपणा सूर ठरवतो, घटना बदलत नाही. घरातले सामान विकले जाते, डोळे काही काळ जातात, लंडनला ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाच्या संपादकांची गाठ पडते, बायकांच्या भूमिकांसाठी पुरुष शोधावे लागतात. या साऱ्याला चरित्राचा आधार आहे. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटवण्यासाठी फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचे रोज थोडे थोडे चित्रण केले आणि महिन्याभराची वाढ काही क्षणांत दाखवली. कॅमेरा म्हणजे काळ आकसणारे यंत्र, हे एवढ्या साध्या प्रयोगातून कळते. फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अंधारात कोऱ्या फिल्मला भोके पाडत, फिल्म धुण्याला हातभार लावत. संशोधनाची खरी करमणूक अशा कामात असते. ते काम नीट दाखवले तर नाट्य बाहेरून आणावे लागत नाही.

उलट बाजूला ‘हवाईजादा’ (2015). शिवकर बापूजी तळपदे यांनी 1895 मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवले, या आख्यायिकेवर तो उभा आहे. त्या उड्डाणाचा ठोस समकालीन पुरावा पुढे आलेला नाही. चित्रपटात तळपद्यांचे गुरू म्हणून सुब्बराय शास्त्री येतात. ‘वैमानिकशास्त्र’ हा ग्रंथ याच शास्त्र्यांनी सांगितलेला. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी 1974 मध्ये त्याची छाननी केली. तो 1904 च्या आधीचा नसावा आणि त्यातली विमाने उडू शकत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. मुलांना स्फूर्ती मिळते, मग बिघडले कुठे, असे म्हणणारे भेटतातच. बिघडते ते असे, की पंख, वजन आणि इंजिनाची ताकद यांचा हिशेब न करता विमान उडते, असे त्या मुलाला वाटू लागते. तळपद्यांची जिद्द दाखवायला उड्डाण यशस्वी झालेच पाहिजे, असेही नाही.

परदेशी चित्रपटही यातून सुटत नाहीत. ‘द इमिटेशन गेम’मध्ये (2014) गणितज्ञ ॲलन ट्युरिंग शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडणारे यंत्र जवळजवळ एकटाच उभारतो, त्याआधीचे पोलिश गणितज्ञांचे काम आणि गॉर्डन वेल्चमनची सुधारणा झाकोळून जाते. अडीच तासांत सगळे मावत नाही हे मान्य. दोन भेटी एक कराव्यात, वर्षे जवळ आणावीत, संवाद तर कल्पित असणारच. मात्र यंत्र कसे चालले आणि कुणाच्या हातून घडले, या दोन गोष्टींना हात लावू नये. अलीकडे चरित्रपटांचे पीक आले आहे, आणि त्यांत वेशभूषेवर जेवढी मेहनत दिसते तेवढी कार्यशाळेवर दिसत नाही.

मालवण भागातले रामचंद्र गोपाळ तथा दादासाहेब तोरणे यांच्यासाठी मी हे पुन्हा पुन्हा लिहितो. त्यांचा ‘पुंडलिक’ 18 मे 1912 ला, म्हणजे फाळक्यांच्या जवळजवळ वर्षभर आधी, त्याच कोरोनेशनमध्ये लागला होता. पहिल्या भारतीय चित्रपटाचा मान कुणाचा, या वादात दोन्हीकडचे आवाज चढतात. तंत्राकडे पाहिले तर उलगडा होतो. ‘पुंडलिक’ हे नाटकाचे चित्रण होते, कॅमेऱ्यामागे परदेशी माणूस होता आणि फिल्मवरची प्रक्रिया लंडनला झाली. फाळक्यांनी ती सारी कामे दादरच्या घरात केली. याने तोरणे लहान होत नाहीत. त्यांच्यावर चित्रपट काढणाऱ्या कोकणातल्या किंवा गोव्यातल्या दिग्दर्शकाला माझी एकच विनंती आहे: ‘पुंडलिक’ची फिल्म लंडनला धुतली गेली, ती पडद्यावरही लंडनलाच धुतली जाऊ द्या.