मूळव्याधीच्या ऑपरेशननंतरची पहिली रात्र

मूळव्याधीचं किंवा भगंदराचं ऑपरेशन लोक वर्षानुवर्षं पुढे ढकलतात ते नंतरच्या ठणक्याला घाबरून. ही भीती खोटी नाही. गुदद्वाराच्या तोंडाशी असलेल्या त्वचेत संवेदना वाहणाऱ्या नसा दाटीने असतात. जखमेमुळे तिथला स्नायू आवळला जातो आणि कळ आणखी वाढते.

कमरेत दिलेली भूल काही तासांत उतरते. तिच्यासोबत मिलिग्रॅमच्या जेमतेम दहाव्या भागाइतकं मॉर्फिन दिलं, तर पहिली रात्र बरीच सुसह्य होते. मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात मिसळून ते वेदनेचा निरोप मेंदूकडे जाण्याआधीच अडवतं. याच जातीचं, पण चरबीत पटकन विरघळणारं फेंटानिल हे औषध लवकर ओसरतं. मॉर्फिन त्या द्रवात रेंगाळतं, म्हणून आराम 18 ते 24 तास टिकतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी 1979 मध्ये कर्करुग्णांवरचा असा अनुभव प्रसिद्ध केला.

अशा मॉर्फिनचे दुष्परिणामही आहेत: अंगाला खाज सुटते, मळमळतं. लघवी तुंबणं हा त्रास जास्त, कारण या ऑपरेशननंतर तो एरवीही होतो. क्वचित, कित्येक तासांनंतर, श्वास मंदावतो. म्हणून रात्रभर देखरेख हवीच, त्याच दिवशी घरी जायची घाई नको. झोपेत श्वास अडकत असेल, झोपेच्या गोळ्या चालू असतील किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल, तर भूलतज्ज्ञांना आधीच सांगा.