बाल्कनी डेकचा व्यवसाय: गिऱ्हाईक फळी बघतं, तुम्ही फळीखालचं बघा



वारज्यात हायवेच्या दोन्ही बाजूंना सोसायट्याच सोसायट्या आहेत. बऱ्याच फ्लॅटधारकांना आता बाल्कनीत लाकडी डेक हवा असतो. चांगला सुतार हाताशी असेल, तर हे काम थोड्या भांडवलात सुरू करता येतं. पण टिकायचं असेल तर फळीखाली काय चाललंय, हे कळलंच पाहिजे.

१६ जून २०१५ ला अमेरिकेतल्या बर्कली शहरात एक बाल्कनी कोसळली. सहा तरुण गेले. आतल्या लाकडी तुळयांमध्ये पाणी मुरून त्या कुजल्या होत्या. त्यानंतर २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाने अशा बाल्कन्यांच्या नियमित तपासणीचा कायदा केला. आपल्याकडे स्लॅब काँक्रीटचा असतो, पण पाणी आणि वजन इथेही कुणाला सोडत नाही.

१. पाणी: आधी बादलीभर पाणी ओता. ते जाळीकडे जात नसेल, तर आधी ढाळ दुरुस्त करून घ्या. खालच्या पट्ट्या ढाळाच्याच दिशेने ठेवा, आडव्या टाकल्या की पाणी अडलंच. पट्ट्यांखाली रबरी पॅड, दोन फळ्यांमध्ये ५-६ मिलिमीटर फट आणि जाळीवर उचलता येणारा तुकडा हवाच. जमिनीत भोक मारू नका. वॉटरप्रूफिंग फुटलं की खालच्या फ्लॅटमध्ये गळती, आणि भांडण तुमच्या दारात!

२. लाकूड: सागवानाचा गाभा घ्या. कडेचं पांढरट लाकूड स्वस्त पडतं, पण ते लवकर कुजतं आणि त्याला वाळवीही लागते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच वापरा.

३. वजन: घराची बाल्कनी साधारणपणे दर चौरस मीटरला ३०० किलो भार धरून डिझाइन करतात. डेकचं वजन त्यामानाने कमीच. पण गिऱ्हाईक म्हणतं, "कडेला एक लांब कुंडी पण करा ना!" हिशोब करा. १० फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट खोल कुंडीतली ओली माती साधारण ४५० किलो भरते, तीही अगदी बाहेरच्या कडेला. इथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय होकार देऊ नका.

४. रेलिंग: हे बहुतेक जण विसरतात. रेलिंग १०० सेंटिमीटर असेल आणि डेक ८ सेंटिमीटर उंच असेल, तर उरलं ९२. घरात लहान मूल असेल तर हा फरक जिवावर बेतू शकतो. डेकच्या वर किमान १ मीटर उंची राहिलीच पाहिजे. रेलिंग वाढवायचा खर्च कोटेशनमध्ये आधीच लिहा आणि सोसायटीची परवानगीही आधी घ्या. गिऱ्हाईक रेलिंगला नाही म्हणालं, तर काम सोडा.

आता कमाईचं बोलू. डेक एकदाच विकला जातो, सर्व्हिस दरवर्षी. मे महिन्यात फळ्या उचलून सफाई, स्क्रू तपासणी आणि तेलाचा हात, असा वार्षिक करार करा. पुण्यातला विश्रामबाग वाडा १८०७ च्या सुमाराचा. त्याचा कोरीव लाकडी सज्जा आजही बघायला मिळतो, कारण वेळोवेळी डागडुजी झाली.

या आठवड्यात एक काम करा. नातेवाइकांची एखादी बाल्कनी मोजा, पाणी ओतून बघा, रेलिंगची उंची घ्या आणि या चार मुद्द्यांवर एक कोटेशन लिहून काढा. पुढच्या गिऱ्हाइकासमोर तेच ठेवा.