जुन्या इंजिनातील सारखे चेहरे
सेन्सर आणि व्हॉल्व्ह ओळखण्यात झालेली चूक नव्याने बांधलेल्या इंजिनाच्या जिवावर बेतू शकते

जुनी स्पोर्ट्स कार पुन्हा रस्त्यावर आणू पाहणाऱ्याला धास्ती असते ती पिस्टन, क्रँकशाफ्ट, सिलिंडर हेड अशा जड आणि महागड्या भागांची. हे काम कुशल कारागिराकडून एकदाचे पार पडते, इंजिन गाडीत बसते आणि मग चावी फिरवूनही ते सुरू होत नाही. अनेकदा त्याचे कारण अंगठ्याएवढा एखादा सेन्सर किंवा चुकीच्या नळीला जोडलेला एखादा व्हॉल्व्ह असतो. तो भाग खराब असतोच असेही नाही. पुष्कळदा तो शाबूत असतो आणि केवळ दुसऱ्याच्या जागी बसलेला असतो.

येथे व्हॉल्व्ह म्हणजे सिलिंडर हेडमधील इनटेक किंवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नव्हेत. हवा, पेट्रोल किंवा निर्वात दाब यांची वाट उघडणारी व बंद करणारी, इंजिनाच्या बाहेरच्या अंगाला बसवलेली छोटी उपकरणे येथे अभिप्रेत आहेत. सेन्सरचे, म्हणजेच संवेदकाचे, काम माहिती देण्याचे. व्हॉल्व्हचे काम हुकूम पाळण्याचे. या दोहोंच्या मध्ये इंजिनाचा संगणक बसलेला असतो.

संक्रमणकाळातील गाड्या

हा प्रश्न सर्वाधिक जाणवतो तो साधारण १९७५ ते १९९५ या काळातील गाड्यांत. त्याआधीच्या गाड्यांत बहुधा कार्ब्युरेटर असे आणि पाना-पेचकसाने बरेचसे निदान होई. त्यानंतरच्या गाड्यांत बिघाडाचा संकेतांक सांगणारी प्रमाणित व्यवस्था आली. मधल्या पिढीतील गाड्यांत इलेक्ट्रॉनिक इंधन व्यवस्था आहे, पण स्वतःचे दुखणे सांगण्याची सोय जवळपास नाही. भारतात एप्रिल २०२० पासून ‘बीएस-६’ नियम लागू झाल्यावर साध्या स्कूटरमध्येही इंधन इंजेक्शन आले आणि तापमान, थ्रॉटल व ऑक्सिजन यांचे सेन्सर सर्वपरिचित झाले. चाळीस वर्षांपूर्वी मात्र ही चैन महागड्या गाड्यांपुरती होती.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे जर्मनीतील पोर्श कंपनीची ‘९४४’. १९८१ मध्ये ही गाडी सादर झाली आणि १९९१ पर्यंत तिचे उत्पादन चालले. एक लाख साठ हजारांहून अधिक गाड्या तयार झाल्या. अमेरिकेत तिची सुरुवातीची किंमत वीस हजार डॉलरच्या आत होती. त्यामुळे पोर्श घेण्याची ऐपत नसलेल्यांनाही ती आवाक्यात वाटली, आणि पुढे जुन्या बाजारात ती स्वतःच्या गॅरेजमध्ये हात काळे करणाऱ्या हौशी मंडळींची आवडती गाडी ठरली. तिच्या अडीच लिटर, चार सिलिंडरच्या इंजिनावर बॉश कंपनीची ‘मोट्रॉनिक’ प्रणाली आहे. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय या गाडीत प्रथम आलेल्या या प्रणालीने इंधन आणि ठिणगी या दोन्हींचा कारभार एकाच संगणकाच्या हाती दिला. कारभार एकहाती झाला की चुकीच्या माहितीचे परिणामही सर्वदूर होतात.

जुळ्या भावांची गोष्ट

‘९४४’च्या इंजिनामागे, फ्लायव्हीलच्या आवरणावर, एकाच पट्टीत दोन सेन्सर शेजारी शेजारी बसतात. त्यांची कामे भिन्न आहेत. पहिला फ्लायव्हीलच्या कडेवरील दाते मोजतो आणि त्यावरून इंजिनाचा वेग कळतो. दुसरा प्रत्येक फेऱ्यात एकदाच समोरून जाणारी एक खूण टिपतो आणि पिस्टन नेमका कोठे आहे हे संगणकाला सांगतो. पहिल्याला स्पीड सेन्सर, तर दुसऱ्याला रेफरन्स सेन्सर म्हणतात.

गंमत अशी की, हे दोन्ही सेन्सर हुबेहूब सारखे आहेत. त्यांचा आकार, वायर आणि प्लगही सारखाच. म्हणजे सेन्सरची अदलाबदल झाली तर बिघडत नाही. वायरिंग हार्नेसकडून येणाऱ्या प्लगांची अदलाबदल झाली तर मात्र इंजिन सुरू होत नाही. संगणकाला वेगाच्या जागी खूण आणि खुणेच्या जागी दाते दिसू लागतात. ठिणगी केव्हा द्यायची आणि इंधन केव्हा सोडायचे, हे त्याला उमगत नाही.

या दोघांची तपासणी साधी आहे. सेन्सरच्या आत तारेची गुंडाळी असते आणि तिच्या दोन टोकांमधील रोध मल्टिमीटरवर साधारण ६०० ते १६०० ओहम भरला पाहिजे. सेन्सरचे टोक आणि फ्लायव्हील यांत ०.८ मिलिमीटरच्या आसपास अंतर असावे लागते. इंजिन गाडीत बसल्यावर ही जागा समोरच्या पत्र्याच्या भिंतीशी लागते आणि हात कसाबसा पोहोचतो. म्हणून हे काम इंजिन बाहेर असतानाच उरकणे शहाणपणाचे. जुन्या सेन्सरच्या वायरचे आवरण उष्णतेने कडक होऊन तडकलेले असते. त्यावर हात ठेवताच त्याचे तुकडे पडत असतील, तर रोध बरोबर आला तरी तो भाग बदलावा.

निदानाची एक सोपी खूणही आहे. स्टार्टरने इंजिन फिरत असताना टॅकोमीटरचा काटा किंचित हलला, तर वेगाची खबर संगणकापर्यंत पोहोचते आहे असे मानता येते. काटा निपचित राहिला, तर पहिला संशय या जोडीवर आणि त्यांच्या प्लगवर घ्यावा.

तापमानाचे तीन कारभारी

दुसरा घोटाळा तापमानाच्या भागांत होतो. इंजिनातील पाण्याचे तापमान एकाच वेळी तीन ठिकाणी कळवले जाते. संगणकाला जाणारा सेन्सर वेगळा, डॅशबोर्डवरील काट्याला जाणारा वेगळा आणि रेडिएटरचा पंखा चालू करणारा स्विच वेगळा. तिन्ही पितळी, तिन्हींना आटे आणि धूळ-तेलाच्या थराखाली तिन्ही एकसारखेच दिसतात.

त्यांना ओळखण्याचा मार्ग त्यांच्या स्वभावातून जातो. संगणकाच्या सेन्सरला दोन पिना असतात आणि तापमान वाढेल तसा त्याचा रोध घटतो. वीस अंश सेल्सिअसला तो सुमारे अडीच हजार ओहम, तर ऐंशी अंशांना साधारण तीनशेच्या घरात असतो. पंख्याचा स्विच असे क्रमाक्रमाने बदलत नाही. ठरावीक तापमान येईपर्यंत तो उघडा राहतो आणि मग एकदम जोडला जातो. काट्याच्या सेन्सरचा रोधही उष्णतेने घटतो, परंतु त्याचे आकडे वेगळे असतात. गरम पाण्याचे भांडे, साधा तापमापक आणि मल्टिमीटर एवढ्या सामग्रीवर तिघांचीही ओळख पटते.

हा नुसता बारकावा नव्हे. संगणकाचा सेन्सर न जोडलेला राहिला, तर रोध अमर्याद दिसतो आणि इंजिन कडाक्याच्या थंडीत आहे असा संगणकाचा समज होतो. तो पेट्रोलचा मारा करतो. जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन काढते. ‘९४४’चा ब्लॉक ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनच्या मिश्रधातूचा असून त्यात लोखंडी लायनर नाहीत. नव्या रिंगा बसवलेले असे इंजिन तेलाविना घासले गेले, तर महिनोन्‌महिन्यांची मेहनत आणि त्यावरील खर्च पहिल्या काही मिनिटांत वाया जाऊ शकतो.

पेट्रोलच्या नळीवरील दोन डबे

इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर छोट्या गोल डब्यांसारखे भाग दिसतात. त्यांतील एक प्रेशर रेग्युलेटर आणि दुसरा डँपर. दोघांनाही निर्वात दाबाची बारीक नळी जोडलेली असल्याने नवख्याला ते एकच वाटतात. रेग्युलेटर जादा पेट्रोल टाकीकडे परत पाठवून दाब राखतो. डँपर केवळ पंप आणि इंजेक्टर यांच्यामुळे उठणारे धक्के शोषून घेतो. परतीची नळी ज्याला जोडलेली तो रेग्युलेटर, अशी खूणगाठ बांधावी.

साध्या, म्हणजे टर्बो नसलेल्या, आठ व्हॉल्व्हच्या ‘९४४’मध्ये इंजिन बंद असताना पंप चालवला, तर हा दाब अडीच बारच्या आसपास असतो. इंजिन सुरू होऊन संथ चालू लागले की इनटेकमधील निर्वात दाबामुळे तो दोन बारच्या जवळ उतरतो. तो उतरलाच नाही, तर बारीक नळी फाटलेली, निसटलेली किंवा चुकीच्या जागी लावलेली आहे असे समजावे. याच नळीतून पेट्रोलचा वास आला, तर आतील पडदा फाटला आहे. असा भाग पुन्हा बसवणे म्हणजे आगीला आमंत्रण होय.

हवेचे व्हॉल्व्ह आणि टर्बो

इनटेक मॅनिफोल्डखाली दडलेला आयडल व्हॉल्व्ह थ्रॉटल बंद असताना इंजिनाला लागणारी हवा मोजून देतो. दोन जाड नळ्या आणि तीन पिनांचा प्लग ही त्याची ओळख. मधली पिन आणि बाजूची पिन यांतील रोध सुमारे २० ओहम, तर बाजूच्या दोन पिनांतील रोध त्याच्या दुप्पट भरतो. एकाच दिशेने हवा सोडणारे चेक व्हॉल्व्ह दिसायला क्षुल्लक असतात. स्वच्छ करून फुंकून पाहिले की त्यांची दिशा कळते. ती खडूने लिहून ठेवावी. पेट्रोलच्या वाफेशी संबंध आलेला कोणताही भाग मात्र तोंडाने फुंकू नये. त्यासाठी हातपंप वापरावा.

१९८५ मध्ये आलेल्या ‘९४४ टर्बो’त आणखी एक व्हॉल्व्ह महत्त्वाचा ठरतो, तो म्हणजे टर्बोचा दाब नियंत्रित करणारा सायक्लिंग व्हॉल्व्ह. त्याला तीन नळ्या आहेत. एक दाब आणते, एक वेस्टगेटकडे जाते आणि तिसरी जादा दाब परत सोडते. वेस्टगेट उघडण्यास दाब लागतो. त्याच्याकडे जाणारी नळी चुकली किंवा सुटली, तर ते बंदच राहते आणि टर्बोचा दाब चढत जातो. मग ‘नॉकिंग’ सुरू होते, हेड गॅस्केट फुटते, प्रसंगी पिस्टन वितळतो. याउलट चूक झाली, तर गाडी नुसती मंद धावते. पहिल्या चुकीची किंमत फार मोठी आहे.

आकड्यांची साक्ष

चेहरा फसवतो, पण अंगावर कोरलेला क्रमांक फसवत नाही. बॉशच्या दहा अंकी क्रमांकातील पहिले सात अंक भागाचे कुळ सांगतात. ०२८०१३० म्हणजे तापमान सेन्सर, ०२८०१५० म्हणजे इंजेक्टर, ०२८०१६० म्हणजे प्रेशर रेग्युलेटर, ०२८०१४० म्हणजे आयडल हवेचा व्हॉल्व्ह आणि ०२८०१२० म्हणजे थ्रॉटल स्विच. ऑक्सिजन सेन्सरचा क्रमांक ०२५८ ने सुरू होतो. शेवटचे तीन अंक नेमका प्रकार दाखवतात. मातीच्या तेलाने पुसून, तिरक्या प्रकाशात पाहिले तर पुसट झालेले आकडेही वाचता येतात.

या क्रमांकाचा आर्थिक लाभही आहे. बॉशने याच कुळातील भाग बीएमडब्ल्यू, व्होल्वो, फोक्सवॅगन अशा अनेक कंपन्यांना पुरवले. तोच क्रमांक असलेला भाग दुसऱ्या गाडीच्या नावाने पुष्कळ स्वस्तात मिळू शकतो. मात्र शेवटचा अंकही जुळला पाहिजे; जवळपासचा क्रमांक चालत नाही.

वर्षावरही विसंबू नये. १९८५ च्या मध्यास ‘९४४’त मोठे बदल झाले. त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन गाड्यांचे वायरिंग वेगळे असू शकते. नकाशा निवडताना गाडीच्या चासी क्रमांकाचा आधार घ्यावा. या काळातील जर्मन गाड्यांत तपकिरी वायर बहुधा अर्थची असते आणि रिलेवरील ३० हा अंक बॅटरीकडून थेट येणारा प्रवाह दाखवतो. एवढे ठाऊक असले तरी वायरिंगचे जंजाळ निम्मे सुटते.

उकलतानाच करायचे काम

ओळख पटवण्याची खरी वेळ जोडणीची नव्हे, तर उकलण्याची आहे. प्रत्येक प्लग काढण्यापूर्वी छायाचित्र घ्यावे. प्लग आणि तो ज्याला लागतो तो भाग, दोहोंवर एकाच क्रमांकाची चिठ्ठी बांधावी. प्रत्येक सेन्सर त्याच्या बोल्टसह वेगळ्या पिशवीत ठेवावा. आधीच्या मालकाने काही जोडण्या बदललेल्या असू शकतात. म्हणून छायाचित्र आणि कंपनीचा नकाशा यांचा ताळा घ्यावा आणि विसंगती दिसल्यास नकाशा प्रमाण मानून तिचे कारण शोधावे.

बॅटरी काढल्याशिवाय आणि पेट्रोलचा दाब सोडल्याशिवाय कामाला हात लावू नये. जवळ अग्निशामक असावा. वायरिंग मोजताना संगणकाचा प्लग काढून ठेवावा. इंजेक्टरची ‘टिकटिक’ ऐकण्यासाठी त्याला थेट १२ व्होल्ट लावण्याचा मोह टाळावा, कारण कमी रोधाच्या इंजेक्टरची गुंडाळी त्याने जळू शकते.

सुटे भाग दरवर्षी दुर्मिळ होत चालले आहेत. ओळख न पटल्याने ‘बदलूनच टाकू’ म्हणत चांगले भाग भंगारात गेले, तर पुढच्या माणसाची गाडी त्यांच्याअभावी उभी राहते. बऱ्याच जुन्या गाड्या मोडीत निघाल्या त्या इंजिन संपले म्हणून नव्हे, तर ते का चालत नाही हे कोणालाच सांगता आले नाही म्हणून. एक मल्टिमीटर, काही चिठ्ठ्या आणि दोन-चार दिवसांचा संयम एवढ्याने त्यांपैकी काही गाड्या निश्चितच वाचू शकतात.