थोडा श्वास, कमी दाब

अमेरिकेतल्या त्या चाचणीचे सुरुवातीच्या दिवसांचेच आकडे कुणी पाहिले असते, तर निष्कर्ष नेमका उलटा निघाला असता. फुप्फुसांना सूज येऊन त्यांत पाणी भरलेले, म्हणजे एआरडीएसचे ८६१ रुग्ण व्हेंटिलेटरवर होते. एका गटाला दर किलोमागे १२ मिलिलिटर हवेचा श्वास, दुसऱ्याला फक्त ६. मोठा श्वास मिळणाऱ्यांच्या रक्तातला प्राणवायू आधी चांगला दिसत होता. पण त्यांच्यापैकी ३९.८ टक्के दगावले. लहान श्वासाच्या गटात ३१ टक्के. चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. हे २००० साली प्रसिद्ध झालं, आणि मॉनिटरवरचा सुधारता आकडा किती फसवू शकतो हे जगभरच्या आयसीयूंना कळलं.

असं का व्हावं? इटलीच्या लुचियानो गॅटिनोनी यांनी सीटी स्कॅनमधून दाखवलं होतं, की अशा आजारात हवा घेऊ शकणारा भाग लहान मुलाच्या फुप्फुसाएवढाच उरतो. मोठ्या माणसाचा श्वास त्यात कोंबला, की चांगले वायुकोशही ताणून जखमी होतात. तिथली दाहक द्रव्यं रक्तात उतरून मूत्रपिंडांसारख्या दूरच्या अवयवांनाही इजा करू शकतात.

म्हणून डॉक्टर श्वास आत गेल्यावर यंत्र क्षणभर थांबवून दाब मोजतात. हा प्लॅटू प्रेशर, शक्यतो ३० सेंटिमीटर पाण्याच्या आत ठेवायचा. त्यापायी रक्तात कार्बन डायऑक्साइड थोडा वाढला तरी बहुधा चालवून घेतात.

दुसरी इजा उच्छ्वासाच्या वेळची. दर वेळी मिटून पुन्हा उघडणारे वायुकोश झिजतात. ते उघडे राहावेत म्हणून उच्छ्वासाच्या शेवटीही थोडा दाब ठेवतात, तो पीप. १९७४ मध्ये ४५ सेंटिमीटर दाबावर ठेवलेले उंदीर तासाभरात मेले, पण सोबत १० पीप दिल्यावर वायुकोशांत पाणी भरलं नाही.

मात्र पीप वाढवत नेणं हा उपाय नव्हे. २०१७ च्या एका मोठ्या चाचणीत जास्त दाबाने फुप्फुसं उघडून पीप चढा ठेवला, तर मृत्यू वाढले. हल्ली प्लॅटूमधून पीप वजा करून उरणाऱ्या ड्रायव्हिंग प्रेशरकडेही बारकाईने पाहतात. तो साधारण १५ च्या आत हवा.

एवढं सगळं करूनही गणित चुकतं ते मोजपट्टीपाशी. फुप्फुसाचा आकार उंचीवर ठरतो, वजनावर नाही. १५५ सेंटिमीटर उंचीच्या, ८० किलोच्या बाईसाठी हिशेब ४८ किलोचाच धरायचा: श्वास सुमारे २९० मिलिलिटर. तिचं प्रत्यक्ष वजन धरलं, तर यंत्र ४८० देईल. बुटक्या रुग्णांना, त्यातही बायकांना, गरजेपेक्षा मोठा श्वास जास्त वेळा दिला जातो, तो बरेचदा उंची नजरेने अंदाजल्यामुळे.